खांबावरचा माणूस आणि निविदेचा कागद

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण केले. ९७ हजार ५०० हून अधिक मनोरे, सुमारे ३७ हजार कोटी रुपयांचा खर्च आणि ज्यांना आपले दूरसंचार तंत्रज्ञान स्वतः घडवता येते अशा मोजक्या देशांच्या पंक्तीत भारताचा समावेश! स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाची मान ताठ व्हावी, असाच तो दिवस होता. या यशाबद्दल सी-डॉटच्या संशोधकांचे आणि या कामी खपलेल्या सर्वांचे अभिनंदन केलेच पाहिजे.

पण उत्सवाच्या दिवशीही घरातील रिकामे पाट मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. झारसुगुड्याच्या मंडपात जे नव्हते, त्यांची संख्या ७८ हजार ५६९ एवढी होती. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेले हे कर्मचारी. त्यांच्याबरोबर मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधूनही चौदा हजारांवर माणसे घरी गेली. एका दिवसात ९२ हजारांहून अधिक अनुभवी हात रिकामे झाले. त्यात लाइनमन होते, केबल जोडणारे होते, एक्स्चेंज सांभाळणारे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी होते, उपविभागीय अभियंते होते. नावात 'स्वेच्छा' असली तरी, पगार महिनोन्महिने लांबलेल्या, उद्या कार्यालय राहील की नाही याची शाश्वती नसलेल्या पन्नाशीच्या माणसाने केलेल्या सहीत स्वेच्छा किती आणि अगतिकता किती, हे ज्याचे त्याने ओळखावे.

या माणसांचा अपराध काय होता? 'कर्मचारी फार, काम कमी. म्हणून बीएसएनएल बुडाली' असे उत्तर आजही दिवाणखान्यांतून सहज दिले जाते. ते देणाऱ्यांमध्ये आपल्यासारखी सुशिक्षित, मध्यमवर्गीय माणसेच अधिक असतात. मी कला शाखेचा पदवीधर. तंत्रज्ञानातील खाचाखोचा मला कळतात असा दावा मी करणार नाही. परंतु तीस वर्षांचा हिशेब मांडायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तो मांडला की ध्यानात येते, की ही संस्था खांबावर चढणाऱ्याने बुडवली नाही. ती बुडाली वरच्या दालनांतील न घेतलेल्या, चुकीच्या घेतलेल्या आणि विकल्या गेलेल्या निर्णयांमुळे. शिक्षा मात्र खांबावरच्या माणसाला झाली.

नफ्याचे दिवस कोणाच्या घामाचे?

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवाविभागाचे रूपांतर करून भारत संचार निगम लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. २००४-०५ या आर्थिक वर्षात या कंपनीने १० हजार १८३ कोटी रुपयांचा निव्वळ नफा मिळवला. हे आकडे आज सांगितले तर तरुण पिढीला थट्टा वाटेल. पण हीच कंपनी, हेच कर्मचारी, हीच संघटना आणि संख्या तर आजच्या कितीतरी पट! त्या वेळी माणसे 'फार' नव्हती काय?

ज्यांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावले, ज्यांनी एसटीडी बूथबाहेर रात्रीचे दर लागू होण्याची वाट पाहिली, त्या पिढीला हा इतिहास ठाऊक आहे. कोकणातील पावसात भिजून फुगलेली केबल खणून काढायची, त्यातील शेकडो तारांच्या जोड्या रंगांवरून ओळखायच्या आणि एकेक जोडून जॉइंट बंद करायचा, हे काम करणारा माणूस चिखलात मांडी घालून बसलेला आपण पाहिला आहे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी मनोरे जाळले, ते पुन्हा उभे करायला जे गेले तेही सरकारी कंपनीचेच लोक. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दोन हजारांहून अधिक मनोरे उभारण्याची जबाबदारी बीएसएनएलवर सोपवली गेली, कारण जेथे नफा नाही आणि जिवाला धोका आहे, तेथे जाण्याची घाई कोणत्याच खासगी कंपनीला नव्हती. लडाख असो, ईशान्येकडील सीमा असो वा अंदमानची बेटे असोत. पहिली घंटी तेथे वाजवली ती याच माणसांनी.

मग घसरण कोठून सुरू झाली?

पहिला घाव: शर्यतीत सात वर्षे उशिरा

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने प्रत्येक मंडळात दोन खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले केले. ज्यांच्याकडे देशभर केबल होती, इमारती होत्या, प्रशिक्षित अभियंते होते, त्या सरकारी खात्याला मात्र बाहेर उभे केले गेले. १९९९ च्या नव्या धोरणाने तिसरा चालक म्हणून सरकारी कंपन्यांना दार उघडले आणि अखेर १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौ येथे अटलजींच्या हस्ते बीएसएनएलची 'सेलवन' सेवा सुरू झाली. सात वर्षांचा उशीर! तरीही याच 'आळशी' कर्मचाऱ्यांनी अल्पावधीत बीएसएनएलला देशातील आघाडीच्या मोबाइल कंपन्यांत नेऊन बसवले आणि स्पर्धकांना आपले दर खाली आणायला भाग पाडले. जोडणीसाठी रांगा लागत. पहिलवान उशिरा आखाड्यात उतरला, तरी त्याने कुस्ती मारली होती. त्यानंतर त्याचा खुराकच बंद करण्यात आला.

दुसरा घाव: निविदांचे राजकारण

दूरसंचार कंपनीचा खुराक म्हणजे यंत्रसामग्री. ग्राहक वाढले की क्षमता वाढवावी लागते. ती वेळेत वाढली नाही तर फोन लागत नाहीत आणि ग्राहक निघून जातो. हे कळायला संचालक मंडळावर बसावे लागत नाही.

या खात्यातील खरेदीला लागलेली कीड जुनी आहे. नव्वदच्या दशकात दूरसंचारमंत्री असलेल्या सुखराम यांच्या घरांतून १९९६ साली साडेतीन कोटींहून अधिक रोकड मिळाली, तेव्हा देश हादरला होता. हैदराबादच्या एका कंपनीकडून चढ्या दराने यंत्रसामग्री घेऊन सरकारचे नुकसान केल्याबद्दल २००२ साली त्यांना शिक्षा झाली. केबलच्या कंत्राटासाठी लाच घेतल्याबद्दल २०११ साली पुन्हा झाली. १९९८ साली हिमाचलात सत्तेसाठी भाजपने त्याच सुखराम यांच्या पक्षाचा आधार घेतला, हे सांगताना आम्हाला मुळीच आनंद होत नाही. पण हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडला पाहिजे. अशा खरेदीत बुडालेला पैसा कागदावर दिसतो. त्या खरेदीतून आलेली सामग्री ज्याच्या पदरी पडते, त्या तंत्रज्ञाची फरफट कोणत्याही आरोपपत्रात नोंदली जात नाही.

संपुआ सरकारच्या काळात या कीडीने वेगळे रूप घेतले. २००६ साली बीएसएनएलने साडेचार कोटींहून अधिक मोबाइल लाइन्सची प्रचंड निविदा काढली. बाद ठरलेली मोटोरोला कंपनी न्यायालयात गेली. महिने उलटले. २००७ मध्ये दयानिधी मारन यांच्या जागी ए. राजा दूरसंचारमंत्री झाले आणि दराचे कारण पुढे करून ती खरेदी निम्म्यावर आणण्यात आली. खासगी कंपन्या महिन्याला लाखो ग्राहक जोडत होत्या, नेमक्या त्याच काळात सरकारी कंपनीच्या ताटातील अर्धी भाकरी काढून घेतली गेली. दर कमी झाला, हे खरे. पण त्या बचतीपेक्षा किती पट ग्राहक गमावले, याचा जाब कोणी कोणाला विचारला?

त्यानंतर २००८ मध्ये ९ कोटी ३० लाख लाइन्सची त्याहूनही मोठी निविदा निघाली. पुन्हा तक्रारी, पुन्हा चौकशा, चिनी कंपन्यांविषयी सुरक्षेचे प्रश्न, आणि अखेर २०१० मध्ये सॅम पित्रोदा समितीच्या शिफारशीनंतर ती निविदा रद्द! पुढे २०१२-१३ च्या सुमारास खरेदी झाली ती दीड कोटी लाइन्सच्या आसपास. म्हणजे ज्या काळात भारतीय मोबाइल क्षेत्र जगात सर्वाधिक वेगाने वाढत होते, तीच सहा-सात वर्षे बीएसएनएलच्या अभियंत्याच्या हाती पुरेशी यंत्रे नव्हती.

खरेदी व्हायला हवी तेवढ्याच सावधपणे, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. भ्रष्ट निविदा रद्द झालीच पाहिजे. परंतु सदोष निविदा काढणारे अधिकारी कोण, ती वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवणारे कोण आणि त्या विलंबाचा लाभ कोणाला मिळाला? रद्द झालेल्या निविदेनंतर एखादा अधिकारी घरी गेल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय? घरी गेला तो लाइनमन. आणि तोही दहा वर्षांनी.

दालनातील निर्णय, जमिनीवरील यातना

निविदेचा कागद अडकला की खाली काय होते, हे फारसे कोणी लिहीत नाही. जुन्या यंत्रांचे सुटे कार्ड मिळेनासे होतात. बंद पडलेल्या एका मनोऱ्यावरील कार्ड काढून दुसऱ्या मनोऱ्याला बसवावे लागते. एकाचे डोळे काढून दुसऱ्याला लावण्याचा हा प्रकार. बॅटरी संचांचे आयुष्य संपलेले असते, त्यामुळे वीज गेली की अर्ध्या तालुक्याचे फोन गप्प होतात. डिझेलचे बिल थकलेले असते. एका विभागात एका कंपनीची यंत्रसामग्री, शेजारच्या विभागात दुसरीची. प्रत्येकीचे सॉफ्टवेअर वेगळे, प्रशिक्षण वेगळे. बिघाड झाला की आपल्याच यंत्राच्या पोटात हात घालण्याचा अधिकार आपल्या अभियंत्याला नसतो. पुरवठादार कंपनीचा माणूस येईपर्यंत त्याने हात बांधून बसायचे. तो येतो केव्हा? देखभाल कराराचे पैसे चुकते झाले तर.

आणि ग्राहकासमोर उभा कोण असतो? दिल्लीतील निविदा समिती नसते, पुरवठादार कंपनीचा विक्रीप्रमुख तर नसतोच. समोर असतो तो गावातला, ओळखीचा 'टेलिफोनवाला'. शिव्या त्याला बसतात. त्याच्या मुलाच्या शाळेतील पालक त्याला हिणवतात. ज्याच्या वडिलांनी 'मुलगा टेलिफोनमध्ये लागला' म्हणून पेढे वाटले होते, तो आपली नोकरी सांगायला कचरू लागतो. कुशल माणसाच्या हातचे काम काढून घेणे आणि वर त्यालाच निकम्मा ठरवणे, यापरता श्रमाचा दुसरा अपमान नाही.

बीएसएनएलच्या कर्मचाऱ्यांत दोष नव्हते, असे कोण म्हणेल? उर्मट उत्तरे, जेवणाच्या सुट्टीचे लांबलेले तास, संघटनांची दादागिरी, फोन दुरुस्तीसाठी मागितलेली चिरीमिरी. हे सर्व आपण भोगले आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु हे दोष २००४-०५ मध्येही होते आणि तेव्हा कंपनी दहा हजार कोटी रुपये कमावत होती. जे कारण नफ्याच्याही वर्षात हजर होते, ते एकटे तोट्याचे कारण कसे ठरेल?

तिसरा घाव: न मागितलेली खरेदी

२०१० साली ३-जी आणि ब्रॉडबँड लहरींचा लिलाव झाला. बीएसएनएलला या लहरी आधीच देण्यात आल्या होत्या. किंमत मात्र खासगी कंपन्यांनी चढाओढीने लिलावात जी ठरवली, ती. घ्यायचे की नाही, कोठे घ्यायचे, किती घ्यायचे हे ठरवण्याची मुभा या कंपनीला नव्हती. खासगी कंपन्यांनी आपल्या सोयीची मंडळे निवडली. बीएसएनएलने दिल्ली-मुंबई वगळता देशभराचे पैसे भरले. रक्कम सुमारे १८ हजार ५०० कोटी रुपये. वर्षानुवर्षे साठवलेली गंगाजळी एका फटक्यात आटली. त्यातही ब्रॉडबँडच्या लहरी अशा पट्ट्यातील आणि अशा तंत्रासाठी, की ते 'वायमॅक्स' तंत्र पुढे जगाने मोडीतच काढले. काही मंडळांतील लहरी तर परत कराव्या लागल्या.

२००९-१० मध्ये कंपनीने पहिल्यांदा तोटा दाखवला: १ हजार ८२३ कोटी. पुढच्याच वर्षी तो सहा हजार कोटींच्या पुढे गेला. या घसरणीत केबल जोडणाऱ्याचा वाटा किती, हे एखाद्या अर्थतज्ज्ञाने आम्हाला समजावून सांगावे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कंपनी स्थापन झाली तेव्हा खालच्या श्रेणीतील लाखो कर्मचारी सरकारी नोकरी सोडून कंपनीत सामावले गेले. वरिष्ठ भारतीय दूरसंचार सेवेतील अधिकारी मात्र दशकाहून अधिक काळ प्रतिनियुक्तीवरच राहिले. एक पाय कंपनीत, एक पाय खात्यात. जहाजावरचे खलाशी दोरखंडाने बांधलेले आणि कप्तानाच्या कमरेला मात्र परतीच्या होडीची दोरी! अशा कप्तानाने वादळात सुकाणू घट्ट धरावे, ही अपेक्षाच भाबडी होती.

आकड्यांचा खेळ

'उत्पन्नाच्या ७५ टक्के रक्कम पगारावर जाते', हे वाक्य २०१९ मध्ये सर्व वृत्तपत्रांत झळकले. आकडा खरा आहे. २०१८-१९ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे १९ हजार ३०० कोटी आणि कर्मचाऱ्यांवरील खर्च सुमारे साडेचौदा हजार कोटी होता. पण याच कंपनीचे उत्पन्न २००५-०६ मध्ये सुमारे ४० हजार कोटी होते. ते वाढणे राहो, नुसते टिकले असते, तरी हाच साडेचौदा हजार कोटींचा पगार उत्पन्नाच्या ३६ टक्के ठरला असता. म्हणजे अपूर्णांकातील अंश फुगला म्हणून ओरड झाली. छेद कोणी कापला, हे मात्र सांगितले गेले नाही. छेद कापला तो दशकभराच्या निर्णयशून्यतेने. खासगी कंपनीने कोलकात्यात एप्रिल २०१२ मध्ये ४-जी सेवा सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि अवघे क्षेत्र ढवळून निघाले. बीएसएनएलला ४-जीच्या लहरी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २३ ऑक्टोबर २०१९ रोजी! बैलगाडी देऊन आगगाडीशी शर्यत लावायची आणि हरला म्हणून गाडीवानाला काढून टाकायचे, असा हा न्याय.

आणि हे केवळ संपुआच्या काळात घडले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. २०१४ नंतरची पाच वर्षेही दवडली गेली. फेब्रुवारी २०१९ चा पगार रखडला तेव्हा केंद्रात आपल्याला जवळचे सरकार होते. १ लाख ७६ हजार कुटुंबांच्या घरी त्या महिन्यात पगार वेळेवर पोचला नाही. कंपनीच्या इतिहासात तसे पूर्वी घडले नव्हते. कंत्राटी कामगारांची अवस्था याहून वाईट; त्यांची मजुरी कित्येक महिने थकली. गृहकर्जाचा हप्ता, मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क, आईच्या औषधांचे बिल यांना 'कंपनी अडचणीत आहे' हे उत्तर चालत नाही.

देशाच्या सुरक्षेचा प्रश्न

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत दिली गेलेली माहिती प्रत्येक राष्ट्रभक्ताने लक्षात ठेवावी अशी आहे. बीएसएनएलच्या मोबाइल जाळ्यातील यंत्रसामग्रीपैकी ४४.४ टक्के झेडटीई या आणि ९ टक्के हुआवेई या चिनी कंपनीची होती. निम्म्याहून अधिक! गलवानमध्ये आपल्या जवानांचे रक्त सांडले, त्या वेळी आपल्या सरकारी दूरध्वनी कंपनीचा निम्मा देह चिनी होता. सर्वांत कमी बोली लावणाऱ्यालाच काम, या एका नियमाने चीनला आपल्या घरात आणून बसवले. स्वस्त कोण हे पाहिले. किल्ली कोणाच्या हाती राहणार, हे पाहिले नाही.

आणि हे अटळ होते काय? मुळीच नाही. १९४८ साली बेंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, ती देश नुकता स्वतंत्र झालेला असताना. १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे त्यांचे ग्रामीण एक्स्चेंज सुरूही झाले. वातानुकूलनाशिवाय, आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत चालणारे ते यंत्र आपल्या तरुण अभियंत्यांनी घडवले होते. त्याने भारतातील हजारो खेडी जोडली. नव्वदच्या दशकात दारे उघडली, परदेशी पुरवठादारांचे प्रतिनिधी संचार भवनाच्या पायऱ्या चढू लागले आणि आपलेच संशोधक, आपलेच कारखाने सावत्र ठरले. सी-डॉटने मोबाइलच्या तंत्रातही त्याच वेळी हात घातला असता, त्यासाठी सरकारी मागणीची हमी मिळाली असती, तर २०२५ चा सोहळा पंधरा वर्षे आधी झाला असता. तंत्रज्ञाला काम न देणे ही नुसती बेरोजगारी नसते. देशाची विद्या त्याच्या बोटांत असते. ती बोटे गोठली की विद्याही गोठते.

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी हेच वारंवार सांगितले होते. भारतीय मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच या दोन्हींचे संस्थापक असलेल्या दत्तोपंतांनी राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयकरण ही त्रिसूत्री मांडली. आर्थिक धोरणांवर टीका करताना सरकार मित्रांचे की विरोधकांचे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो, त्यामागे भाव हाच आहे, की हाताने घडवणारा माणूस हा उत्पादनखर्चातील एक रकाना नसून निर्मितीतील भागीदार आहे. विश्वकर्म्याची पूजा करायची आणि विश्वकर्म्याच्या वंशजाचा पगार थकवायचा, हा ढोंगीपणा आपल्या विचारात बसत नाही.

आता काय करावे?

स्वदेशी ४-जी आले, ही नव्या आरंभाची संधी आहे. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत बीएसएनएलने २६२ कोटींचा नफा नोंदवला. सतरा वर्षांनंतर दिसलेली ही पहिली हिरवी पालवी. पण २०२० मधील मूळ ४-जी निविदा रद्द केल्यापासून २०२५ च्या राष्ट्रार्पणापर्यंत पाच वर्षे गेली, हेही विसरू नये. परदेशी निविदा रद्द करण्याचा निर्णय योग्यच होता. त्यासाठी आधीच तयारी का नव्हती, हा प्रश्न उरतो. हीच चूक ५-जीच्या वेळी होऊ नये, यासाठी काही गोष्टींचा आग्रह आपण धरला पाहिजे.

पहिली गोष्ट, प्रत्येक मोठ्या खरेदीला कालमर्यादा हवी आणि ती मोडली किंवा निविदा रद्द झाली, तर जबाबदार अधिकाऱ्यांची नावे संसदेसमोर यावीत. नफ्याचे श्रेय वरचे घेतात, तर तोट्याचे ओझेही त्यांनीच उचलावे.

दुसरी, यंत्रे निवडणाऱ्या व स्वीकारणाऱ्या समित्यांत प्रत्यक्ष मनोऱ्यावर आणि एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या अभियंत्यांना स्थान हवे. ज्याला ते यंत्र वीस वर्षे सांभाळायचे आहे, त्याला खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. नांगर घेताना शेतकऱ्याला न विचारण्यासारखेच हे आहे.

तिसरी, स्वदेशी म्हणजे परदेशी पुरवठादाराच्या जागी देशी पुरवठादार, एवढाच अर्थ नव्हे. जाळ्याच्या चाव्या, त्याचे सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीचे ज्ञान बीएसएनएलच्या स्वतःच्या अभियंत्यांच्या हाती आले पाहिजे. देशी असला तरी एकाच कंत्राटदारावर विसंबणे धोक्याचेच. धन्याचे नाव बदलल्याने परावलंबन संपत नाही.

चौथी आणि सर्वांत निकडीची गोष्ट कंत्राटी कामगाराची. स्वेच्छानिवृत्तीनंतर लँडलाइनची देखभाल, फायबरची जोडणी ही कामे ठेकेदारांकडे गेली. आज आपल्या घरी फायबर जोडायला येणारा तरुण बहुधा कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ती आहे. कायदा पुरेसा आहे; तो बजावणारे हात हवेत.

वाचकहो, हे प्रकरण एका कंपनीपुरते नाही. वीज मंडळे, एसटी, सरकारी रुग्णालयांतील बंद पडलेली यंत्रे, महापालिकांच्या कोट्यवधींच्या संगणक प्रणाली. जेथे पाहावे तेथे हाच क्रम दिसतो. वर एक सही होते, खाली एक पिढी निकामी ठरते, आणि मग आपण सुशिक्षित माणसे 'सरकारी नोकर असेच' म्हणून मोकळे होतो. त्या सहीचा जाब विचारण्याचे काम आपण सोडून दिले, म्हणूनच सही करणारे निर्ढावले.

पुढल्या पावसात आपल्या गल्लीतल्या खांबावर कोणी चढलेला दिसला, तर त्याला 'अजून किती वेळ?' असे ओरडून विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याच्या हातातील पक्कड त्याची आहे. त्याच्या खांद्यावरची केबल मात्र कोणीतरी दूर बसून, कोणाच्या तरी फायद्यासाठी निवडलेली असते. जाब विचारायचाच असेल तर तो तिकडे विचारावा, आणि मोठ्या आवाजात विचारावा.